पवनारचं भाषण पुण्यात छापायचं नाही

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावात, गांधीजींच्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून, विनोबा भावे यांनी एक भाषण केलं. त्याचा सगळा मुद्दा एका वाक्यात मावणारा होता: इंग्रजांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, युद्धाला विरोध करायचा तर तो अहिंसेनंच. त्या दिवशी विनोबांना कुणी धरलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आसपासच्या गावांत ते हेच सांगत फिरले आणि २१ तारखेला देवळीला त्यांना अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची.

म्हणजे चार दिवस सरकारनं त्यांना बोलू दिलं. पण १८ तारखेलाच पुण्याहून निघणाऱ्या गांधीजींच्या ‘हरिजन’च्या संपादकांना एक सरकारी पत्र मिळालं होतं. विनोबांच्या सत्याग्रहाची हकीकत, त्यांची भाषणं आणि त्यानंतरच्या घडामोडी, यातलं काहीही दिल्लीतल्या मुख्य वृत्तपत्र सल्लागाराला आधी दाखवल्याशिवाय छापू नये, असा त्यात ‘सल्ला’ होता. शिवाय भारत संरक्षण नियमांतल्या ३८व्या नियमाखाली खटला टाळणं तुमच्याच हिताचं आहे, ही आठवणही करून दिली होती. सल्ला न मानणाऱ्याला थेट तुरुंग दाखवणारा हा सल्लागार!

युद्धकाळात राजकीय भाषणांवर सेन्सॉर कसा बसतो, हे समजून घ्यायला पवनारचं प्रकरण फार सोयीचं आहे. यात बॉम्ब नाही, जहाज नाही, सैन्याची हालचाल नाही. अवघ्या ४५ वर्षांचा, आश्रमात राहणारा, सूत कातणारा एक माणूस आहे. देशभरातल्या लोकांना त्याची फारशी माहितीही नव्हती, म्हणून हा विनोबा कोण, हे गांधीजींना मुद्दाम लेख लिहून सांगावं लागलं होतं. अशा माणसाचं भाषण गावात चालतं आणि छापून आलेलं चालत नाही, असं का?

कारण साधं आहे. गावातल्या सभेला येऊन येऊन किती माणसं येणार? ध्वनिक्षेपक असला तरी आवाज पोचतो पाराच्या आसपासच. ऐकणारे घरी जातात, चार दिवस बोलतात आणि पेरणी-कापणीत विसरून जातात. तेच भाषण पुण्यात छापलं की टपालानं लाहोरला जातं, मद्रासला जातं, कलकत्त्यात त्याचं भाषांतर होतं, आणि एक माणूस वाचतो तेव्हा त्याच्या भोवती दहा जण बसून ऐकतात. वैयक्तिक सत्याग्रहाची आखणीच या हिशेबावर होती. गांधीजींनी मुद्दाम जमाव टाळला होता. एकेकट्यानं उभं राहायचं, युद्धाविरुद्ध बोलायचं आणि तुरुंगात जायचं. अशा सत्याग्रहाचा परिणाम गर्दीतून होणार नव्हता, बातमीतून होणार होता. सरकारनं हे अचूक ओळखलं, आणि वक्त्याला धरायच्या आधी बातमीच्या वाटेवर माणूस उभा केला.

आता कायद्याकडे येऊ. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटननं जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही पक्षाला, एकाही प्रांतिक मंत्रिमंडळाला विचारलं नाही. लगोलग वटहुकूम निघाला आणि महिना संपायच्या आत त्याचा भारत संरक्षण कायदा झाला. कायदा तसा छोटा होता. खरी ताकद होती त्याखाली केलेल्या नियमांत, कारण ते सरकार स्वतःच करत होतं आणि हवे तेव्हा वाढवत होतं. पुढे ‘डीआयआर’ म्हणून ओळखले गेले ते हेच.

यातल्या ३४व्या नियमात ‘घातक कृत्य’ म्हणजे काय याची लांबलचक यादी होती. शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती देणं, सैनिकांना फितवणं, याला कोण हरकत घेईल? बॅलार्ड पियरवरून सैन्याचं जहाज कधी सुटणार, हे छापणारा संपादक त्या जहाजावरच्या मराठा पलटणीच्या जिवाशी खेळतो, हे कुणालाही पटेल. पण यादी तिथं थांबत नव्हती. सरकारबद्दल अप्रीती निर्माण करणं त्यात होतं. जनतेत भीती पसरवणं होतं. लोकांच्या वागण्यावर किंवा मनोवृत्तीवर युद्धप्रयत्नांना बाधक असा प्रभाव पाडणं, हेही होतं.

‘मनोवृत्ती’ हा शब्द जरा थांबून वाचा. जहाजाची वेळ हे एक तथ्य आहे, ते उघड झालं की नाही हे ठरवता येतं. मनोवृत्तीचं काय करणार? धान्य महागलं म्हणून तक्रार केली तरी युद्धाबद्दलचा उत्साह कमी होतो. स्वातंत्र्य द्या मग मदत करू, असं म्हटलं तरी होतो. एकदा हा शब्द कायद्यात बसला की सत्तेला नकोसं असलेलं प्रत्येक राजकीय भाषण त्याखाली ओढता येतं. ३८व्या नियमानं असा मजकूर छापणं, जवळ बाळगणं, वाटणं हा गुन्हा ठरवला आणि शिक्षा ठेवली पाच वर्षांपर्यंतची. ४१व्या नियमानं सरकारला छापण्याआधी मजकूर मागवून तपासायचा आणि एखाद्या विषयावर छपाईच बंद करायचा अधिकार दिला.

पवनारनंतर दहा दिवसांच्या आतच, २६ ऑक्टोबरला, हा ४१वा नियम बाहेर काढण्यात आला. युद्ध यशस्वीपणे चालवण्याला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे विरोध चेतवील असा कोणताही मजकूर ब्रिटिश हिंदुस्थानात छापायला मनाई झाली. ‘अप्रत्यक्षपणे’ म्हटल्यावर उरलं काय? संपादकांनी हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारला नसेल, पण खळबळ उडाली ती यावरूनच.

गांधीजींनी तोवर आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता. ‘हरिजन’, ‘हरिजनबंधू’ आणि ‘हरिजनसेवक’ ही तिन्ही साप्ताहिकं त्यांनी बंद केली. दिल्लीच्या अधिकाऱ्याला दाखवून सत्याग्रहाबद्दल लिहिणं त्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. जाता जाता त्यांनी लोकांना सुचवलं की प्रत्येकानं स्वतःच चालतंबोलतं वर्तमानपत्र व्हावं, खात्रीची बातमी तोंडोतोंडी पुढे द्यावी. याहून स्वस्त वर्तमानपत्र नाही आणि कितीही हुशार सरकार ते बंद करू शकत नाही, असा त्यांचा दावा होता. दावा गोड आहे, पण पुरता खरा नाही. तोंडोतोंडी जाणारी बातमी सरकारला थांबवता येत नाही हे खरं, पण ती तीन गावं ओलांडेपर्यंत तशीच राहत नाही हेही तितकंच खरं. म्हणून तर गांधीजींनी ‘खात्रीची’ ही अट घातली असावी. ‘हरिजन’ पुन्हा निघाला तो थेट जानेवारी १९४२ मध्ये.

विनोबांनंतर दुसरे सत्याग्रही होते जवाहरलाल नेहरू. सत्याग्रह करायची वेळच त्यांच्यावर आली नाही, त्याआधीच ३१ ऑक्टोबरला त्यांना पकडलं. गोरखपूर जिल्ह्यात महिन्याच्या सुरुवातीला केलेल्या तीन भाषणांवरून खटला चालला आणि एकूण चार वर्षांची शिक्षा झाली. विनोबांना तीन महिने आणि नेहरूंना चार वर्षं! वक्ता जितका मोठा, भाषण तितकं ‘घातक’ असा हिशेब यामागे असावा, असं मला वाटतं. खटल्यातली एक गोष्ट मात्र फार बोलकी आहे. पुरावा म्हणून ठेवली होती पोलिसांनी सभेत बसून उतरवलेली टिपणं. ती तुटक आणि चुकीची आहेत, वाचून अर्थबोध होत नाही, असं नेहरूंनी न्यायालयात सांगितलं. वर्तमानपत्रांना मोकळेपणानं छापता येत नाही तेव्हा भाषणाची लेखी प्रत उरते ती पोलिसांच्या वहीत, आणि तीही अशी.

या मोहिमेत पुढे वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यातल्या बहुतेकांचं भाषण म्हणजे विनोबांचंच ते वाक्य होतं.

संपादकांनी काय केलं? २६ ऑक्टोबरच्या हुकमानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १९४० मध्ये, देशभरातले संपादक दिल्लीत जमले. ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन अध्यक्षस्थानी होते. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेचा जन्म या बैठकीतला. त्यांनी सरकारशी बोलणी केली आणि तोडगा निघाला. सरकारनं तो हुकूम मागे घेतला, संपादकांनी युद्धप्रयत्नांत अडथळा आणणार नाही अशी हमी दिली, आणि केंद्रात व प्रांतांत वृत्तपत्र सल्लागार समित्या नेमायचं ठरलं. एखाद्या पत्रावर कारवाई करायची तर सरकारनं आधी या समितीशी बोलायचं. याला सभ्य गृहस्थांचा करार म्हटलं गेलं.

या कराराबद्दल दोन तोंडांनी बोलता येतं. एका बाजूनं पाहिलं तर हा संपादकांचा विजयच. सरसकट बंदी गेली, आणि रोज संध्याकाळी कच्चे खर्डे घेऊन सरकारी कचेरीत धावायची वेळ टळली. पण चाळणी गेली नव्हती, ती संपादकांच्या टेबलावर आली होती. पूर्वी अधिकारी ओळ खोडायचा. आता संपादक स्वतःच लेखणी थांबवून विचार करणार: हे छापलं तर समितीत बोलणं होईल का? आपल्यामुळे करार तर मोडणार नाही ना? अधिकाऱ्यानं खोडलेली ओळ निदान कुठंतरी नोंदली जाते. संपादकानं लिहायच्या आधीच गाळलेल्या ओळीचा पत्ता इतिहासकारालाही लागत नाही. तरीही त्या संपादकांना आज नावं ठेवणं मला जमत नाही. छापखाना, कामगारांचे पगार, जामिनाची रक्कम, कागदाची टंचाई हे सगळं त्यांच्या डोक्यावर होतं, आणि पत्र चालू ठेवणं हेही एक काम होतं.

मग इंग्लंडात तरी सगळं आलबेल होतं का? नाही. जानेवारी १९४१ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यानं कम्युनिस्टांचं ‘डेली वर्कर’ हे दैनिक बंद पाडलं. पण एकंदर व्यवस्था वेगळी होती. सेन्सॉरचा मुख्य भर लष्करी माहितीवर होता, आणि संसदेत चर्चिल यांच्यावर सडकून टीका झाली तरी ती दुसऱ्या दिवशी लोकांना वाचायला मिळत असे. ज्या सरकारला मतदार बदलू शकतात आणि ज्याला बदलू शकत नाहीत, त्यांच्या सेन्सॉरमध्ये इतका फरक पडायचाच. आपल्या शेजारी गोव्यात तर पोर्तुगाल युद्धात तटस्थ असूनही छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे न्यावा लागत होता. तिथं युद्धाच्या सबबीचीही गरज नव्हती.

न्यायालयांची कथा इथंच सांगून टाकतो, कारण ती युद्धाच्या पुढे जाते. एप्रिल १९४१ मध्ये निहारेंदू दत्त मजुमदार यांनी कलकत्त्यात बंगाल सरकारवर आग ओकणारं भाषण केलं आणि ते डीआयआरखाली दोषी ठरले. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाचे, म्हणजे हिंदुस्थानातल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचे, मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी त्यांना सोडलं. सरकारचा अहंकार दुखावला म्हणून गुन्हा होत नाही, शब्दांमुळे सार्वजनिक अव्यवस्था माजण्याचा संभव असला पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. ऐन युद्धात, इंग्रज न्यायाधीशानं दिलेला निकाल! पण पुढे सदाशिव नारायण भालेराव यांच्यावर पत्रकांवरून खटला झाला, ते सुटले, आणि सरकार त्याविरुद्ध मुंबईहून लंडनपर्यंत भांडत गेलं. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, ग्वायर यांचा अर्थ चुकीचा ठरवला. अप्रीती म्हणजे अप्रीती, अव्यवस्था माजो न माजो. युद्ध संपलं होतं, राज्य जायला निघालं होतं, तरी हा मुद्दा सोडला नव्हता. राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ लावताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाला १९६२ मध्ये या दोन निकालांतून एक निवडावा लागला, आणि त्यानं ग्वायर यांची बाजू घेतली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि भारत संरक्षण नियम नव्यानं आले. नाव तेवढं बदलायची गरजही पडली नाही.

परत १९४२ मध्ये येऊ. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्याच दिवशी सरकारनं नवा हुकूम काढला: या चळवळीबद्दलची बातमी छापायची तर ती सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे नोंदलेल्या वार्ताहराकडूनच आलेली हवी. इथं डाव बदललेला दिसतो. काय लिहायचं याच्या आधी, कुणी लिहायचं हेच सरकार ठरवणार. तालुक्याच्या गावात ज्याच्या डोळ्यांदेखत गोळीबार झाला त्याची साक्ष बातमी नाही, कारण त्याची नोंद नाही. ‘हरिजन’ पुन्हा बंद झाला, लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’नं छपाई थांबवली. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो १२ नोव्हेंबरला पकडला जाईपर्यंत. वर्तमानपत्रं ज्या बातम्यांना हात लावू धजत नव्हती त्या तिथून ऐकू येत. चिमूर आणि आष्टी ही नावं त्यातलीच.

आष्टी वर्धा जिल्ह्यातलं, म्हणजे पवनारच्याच मुलखातलं. चिमूर शेजारच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात. १६ ऑगस्टला दोन्हीकडे लोक आणि पोलीस समोरासमोर आले, दोन्ही बाजूंची माणसं मेली. नंतर चिमूरला फौज आली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर पडल्या. सरकारनं चौकशीला नकार दिला. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपले यवतमाळचे लोकनायक अणे होते. त्यांच्याकडे दाद मागितली, उपयोग झाला नाही. ११ नोव्हेंबरपासून भन्साळींनी उपोषण धरलं.

मध्य प्रांत सरकारनं या उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली. सल्लागार समित्या, सभ्य गृहस्थांचा करार, सगळं कागदावर राहिलं. एक माणूस आठवड्यामागून आठवडे उपाशी आहे आणि त्याचं नाव छापायचं नाही. संपादक परिषदेला इतके दिवस जे गिळावं लागलं होतं ते इथं घशात अडकलं.

त्यांनी जो उपाय काढला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत खट्याळ आणि सर्वांत नेमका वाटतो. ६ जानेवारी १९४३ रोजी एक दिवस वर्तमानपत्रं बंद ठेवायचं ठरलं, ते तर झालंच. पण त्याबरोबर सरकारच्याच मजकुराला कात्री लावायचं ठरलं. नववर्षाच्या पदव्यांची यादी छापायची नाही, म्हणजे कोण रावबहादूर झाले आणि कोण सर झाले हे शेजाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. लाटसाहेबांच्या बंगल्यावरून येणारी पत्रकं छापायची नाहीत. आणि ब्रिटिश सरकार, हिंदुस्थान सरकार, प्रांतिक सरकार यांच्यातल्या कुणाचंही भाषण छापायचं नाही. त्यात एखादा निर्णय किंवा घोषणा असेल तर तेवढ्याच ओळी घ्यायच्या, बाकीचं गाळायचं.

बातमी ठेवा, वक्तृत्व काढा! दोन वर्षांपूर्वी पवनारच्या भाषणावर सरकारनं जे केलं, तेच आता सरकारच्या भाषणांवर होऊ लागलं. यात ना डीआयआर मोडत होता ना युद्धाला बाधा येत होती. लाटसाहेबांचं भाषण छापलंच पाहिजे, असं सांगणारा नियम यादीत कुठंच नव्हता.

१२ जानेवारीला, ६३ दिवसांनी, भन्साळींनी सेवाग्रामला उपोषण सोडलं. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांवरची बंदी मध्य प्रांत सरकारनं त्याच दिवशी उठवली.